मालभाड्याची बिले: एकूण रकमेवर सही नको, एलआरनिहाय पडताळणी हवी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

डिझेल महागले, टोल वाढला, ट्रान्सपोर्टवाले दर वाढवून मागतात, ही लघुउद्योजकांची तक्रार वर्तमानपत्रांत वारंवार वाचायला मिळते. तक्रार खरी आहे. पण एकदा दर ठरला की पुढची बिले त्याच दराने येतात का, हे कोणी फारसे पाहत नाही. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर, इचलकरंजी अशा ठिकाणांहून पार्सल वाहतुकीने जाणाऱ्या मालाची बिले आता कागदावर येत नाहीत. ईमेलने पीडीएफ येते, सोबत एक्सेलचे जोडपत्र असते, किंवा वाहतूकदाराच्या पोर्टलवरून ते उतरवून घ्यावे लागते. पीडीएफवर बहुधा एकच ओळ असते, ‘जोडपत्राप्रमाणे भाडे’, आणि खाली एकूण रक्कम. अकाउंट्समधला माणूस ती रक्कम टॅलीत टाकतो आणि जोडपत्र न उघडताच पेमेंट सुटते. खरे बिल त्या जोडपत्रात असते. मालभाड्याची बिले तपासण्याचे काम करणारे आम्ही काही जण म्हणून हे पत्र लिहीत आहोत. तपासणीसाठी महागडे सॉफ्टवेअर लागत नाही, आणि ती पेमेंटच्या आधी झाली तरच तिचा पूर्ण उपयोग होतो.

पूर्वी बिल हाताने लिहिले जायचे तेव्हा चुका सुट्या असायच्या. कधी आपल्या फायद्याच्या, कधी तोट्याच्या. आता बिल वाहतूकदाराच्या संगणकातील मास्टरमधून, म्हणजे प्रत्येक ग्राहकाचे दर साठवलेल्या यादीतून, तयार होते. मास्टरमध्ये आपल्या खात्यापुढे एक आकडा चुकीचा भरला गेला, की तो दुरुस्त होईपर्यंत प्रत्येक एलआरवर, म्हणजे माल ताब्यात घेताना वाहतूकदार देतो त्या लॉरी रिसीटवर, तीच चूक उमटत राहते. लबाडी फार कमी वेळा असते. बहुतेक वेळा सेल्सच्या माणसाने कबूल केलेला दर बिलिंग विभागापर्यंत पोहोचलेलाच नसतो. म्हणून चूक सापडली की त्या एलआरचे पैसे परत घेऊन थांबू नये. मास्टर दुरुस्त केल्याचे लेखी घ्यावे.

आणखी एक गैरसमज आढळतो: संगणकावर आलेले बिल म्हणजे ई-इन्व्हॉइस, आणि ते सरकारी यंत्रणेतून तपासून आलेले. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असणाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले, हे खरे. पण रस्त्याने माल वाहणाऱ्या एजन्सींना, म्हणजे जीटीएंना, त्यातून सूट आहे. त्यामुळे त्यांच्या बिलाला ठरलेला साचा नाही. एकाच्या जोडपत्रात १२ रकाने, दुसऱ्याच्या ३०, तिसऱ्याचे नुसतेच स्कॅन केलेले पान.

तपासणीची सुरुवात आपल्याच डिस्पॅचमधून होते. माल गेटबाहेर पडताना एलआर क्रमांक, तारीख, पेट्यांची संख्या, प्रत्येक मापाच्या पेटीची लांबी-रुंदी-उंची, काट्यावरचे वजन, पोहोचायच्या ठिकाणाचा पिन कोड, आपला इन्व्हॉइस क्रमांक व किंमत आणि ई-वे बिल (मालवाहतुकीसाठीचा जीएसटीचा दस्तऐवज) क्रमांक एका शीटमध्ये नोंदले गेले पाहिजेत. ही नोंद नसेल तर पुढचे सगळे भांडण तोंडी होते, आणि तोंडी भांडणात बिलच जिंकते. एलआरची प्रत हाती घेताना त्यावर ‘पेड’ (भाडे आधीच भरलेले), ‘टू-पे’ (ग्राहक डिलिव्हरीला भरणार) की ‘टू बी बिल्ड’ (आपल्याला नंतर बिल येणार) यांपैकी काय लिहिले आहे तेही पाहून नोंदवावे. ग्राहकाने डिलिव्हरीच्या वेळी टू-पेचे भाडे भरलेले असते आणि तोच एलआर महिनाअखेरीस आपल्याही बिलात येतो, हा प्रकार नेहमीचा आहे.

बिलाचे जोडपत्र आले की ते एलआर क्रमांकावरून आपल्या शीटशी जोडायचे. एक्सेलचे व्हीलुकअप हे जुळणीचे सूत्र येणारा कोणीही हे करू शकतो, फक्त एक्सेलच्या काही खोड्या माहीत हव्यात. सीएसव्ही फाइलवर थेट डबल-क्लिक केले तर एलआर क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये उडतात, १५ अंकांपुढचे अंक शून्य होतात आणि १२ अंकी ई-वे बिल क्रमांक ‘ई+११’ अशा शेपटीसह दिसू लागतो. त्यामुळे फाइल ‘डेटा’ मेनूतून आत घ्यावी आणि क्रमांकांचे रकाने आधीच ‘टेक्स्ट’ ठरवावेत. क्रमांकामागे चिकटलेली मोकळी जागा ‘ट्रिम’ या सूत्राने काढावी, नाहीतर हुबेहूब दिसणारे दोन क्रमांक जुळत नाहीत. तारखेचा घोळ याहून महाग पडतो. ०३-०४ ही ३ एप्रिल की ४ मार्च हे चुकले, आणि नवा दर १ एप्रिलपासून लागू असेल, तर आपली पडताळणीच उलटी निघते.

जोडणी झाली की सर्वांत आधी दुबार एलआर शोधावेत. ‘काउंटइफ’ या मोजणीच्या सूत्राने हे काही मिनिटांत होते, मात्र केवळ चालू बिलात शोधून भागत नाही. किमान मागच्या सहा महिन्यांची बिले एकाखाली एक लावून शोधावे लागते. तोच एलआर पुरवणी बिलात ‘ए’ किंवा ‘/१’ जोडून परत येतो. परत आलेल्या मालाचे भाडेही असेच वेगळ्या क्रमांकाने लागते. माल कोणाच्या चुकीमुळे परत आला हे पाहूनच ते मान्य करावे.

यानंतर वजन. आमच्या मते तपासणीचा निम्मा वेळ इथेच द्यावा. पार्सल वाहतुकीत काट्याचे वजन आणि व्हॉल्युमेट्रिक, म्हणजे आकारमानावरून काढलेले, वजन यांतले जे जास्त, त्यावर भाडे लागते. रस्त्याच्या वाहतुकीत घनफूट काढून त्याला करारातल्या सीएफटी आकड्याने (एका घनफुटाला किती किलो धरायचे), म्हणजे ६, ८ किंवा १० ने, गुणतात. एक उदाहरण घेऊ. पेटी ६२ × ४५ × ३८ सेंमी, काट्यावर १८ किलो, अशा ४० पेट्या, दर किलोला ९ रुपये. काट्याचे वजन ७२० किलो. एका पेटीचे घनमाप १,०६,०२० घन सेंमी. ४० पेट्यांचे २७,००० ने भागून १५७.०७ घनफूट. सहाच्या हिशेबाने ९४२ किलो आणि ८,४८२ रुपये. आठच्या हिशेबाने १,२५७ किलो आणि ११,३०९ रुपये. दहाच्या हिशेबाने १,५७१ किलो आणि १४,१३६ रुपये. माल तोच, गाडी तीच, दरही तोच. करारात ६ ठरले असताना मास्टरमध्ये १० भरले गेले तर साडेपाच हजारांचा फरक, तोही एकाच एलआरवर. जोडपत्रात मात्र फक्त ‘चार्जेबल वजन १,५७१’ एवढेच दिसते. म्हणून चार्जेबल वजनाला आपल्या घनफुटाने भागून पाहावे. उत्तर ६ च्या आसपास न येता ८ किंवा १० आले, की चूक उघडी पडते.

भाजक २७,००० कसा, हेही करार करतानाच विचारायला हवे. एक फूट म्हणजे ३०.४८ सेंमी, त्यामुळे खरा घनफूट २८,३१७ घन सेंमीचा. फूट ३० सेंमीचा धरला की तो २७,००० होतो आणि वजन जवळजवळ ५ टक्क्यांनी फुगते. वरच्या उदाहरणात आठच्या हिशेबाने ५८ किलो, म्हणजे सव्वापाचशे रुपये. यात बेकायदा काही नाही, हा भाजक बाजारात सर्रास चालतो. मात्र करारात ‘प्रति घनफूट ८ किलो’ एवढेच लिहून भाजक मोकळा सोडला असेल, तर आपण २८,३१७ चा आग्रह धरू शकतो. कुरिअर कंपन्या विमानाच्या मालासाठी सहसा ५,००० ने भागतात. तिथे रस्त्याने गेलेला माल चुकून हवाई सदरात तर लागला नाही, हे पाहावे.

मोठ्या हबमध्ये आता पेटी पट्ट्यावरून जाताना यंत्र तिचे माप आणि वजन घेते. यंत्र फुगलेला पुठ्ठाही मोजते. आपल्याच पेटीच्या तिन्ही मापांत फक्त २ सेंमी वाढ झाली, ६४ × ४७ × ४०, तर घनमाप साडेतेरा टक्क्यांनी वाढते आणि वरच्या खेपेचे भाडे दीड हजाराने. याला वाहतूकदार जबाबदार नाही. पेटी गच्च भरून कडा फुगवणे, सैल टेप, वर उचललेली झाकणाची पट्टी, ही आपली पॅकिंगची बाजू आहे. पॅलेटवर रचलेला माल एकच ठोकळा म्हणून मोजला जातो, त्यामुळे १२० × १०० सेंमीच्या पॅलेटची स्वतःची १५ सेंमी उंचीच आठच्या हिशेबाने ५३ किलो वाढवते. यंत्राच्या मापाबद्दल शंका असेल तर त्या एलआरचे छायाचित्र आणि मापाची नोंद मागावी. बऱ्याच करारांत अशी तक्रार नोंदवण्याची मुदत काही दिवसांचीच असते, तेव्हा बिलाची वाट न पाहता पोर्टलवर वजन बदललेले दिसताच कळवावे. आणि राउंडिंग: ३१.४१ किलोची पेटी ३२ धरून ४० ने गुणली तर १,२८० किलो होतात, एकूण वजन एकदाच वर नेले तर १,२५७. करारात ‘राउंडिंग एलआरच्या एकूण वजनावर’ हे चार शब्द असावेत.

इंधन अधिभारात दोन गोष्टी बिघडतात. पहिली म्हणजे तो कशावर लावला. करार ‘मूळ भाड्यावर’ म्हणत असेल तर हमाली, डॉकेट चार्ज (प्रत्येक एलआरमागचा आकार), एफओव्ही (मालाच्या किमतीवरचा जोखीम आकार) मिळवून आलेल्या बेरजेवर तो लावता येत नाही. दुसरी म्हणजे डिझेल चढते तेव्हा अधिभार त्याच पंधरवड्यात चढतो आणि उतरते तेव्हा जागेवरच राहतो. केंद्राने डिझेलवरचे उत्पादन शुल्क ४ नोव्हेंबर २०२१ पासून लिटरमागे १० रुपयांनी आणि २२ मे २०२२ पासून ६ रुपयांनी कमी केले. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने व्हॅट घटवल्यावर राज्यात आणखी ३ रुपये उतरले, आणि मार्च २०२४ मध्ये २ रुपये. त्या वेळी लागू असलेल्या करारात दर कमी होण्याचे कलम असेल, तर त्या तारखांच्या मागची-पुढची बिले एकदा काढून अधिभाराचा रकाना पाहावा. सूत्रात कोणत्या शहराचा दर, कोणत्या तारखेचा आणि मूळ दर किती, या तिन्ही गोष्टी आकड्यांत हव्यात. जुलै २०२२ ची कपात फक्त महाराष्ट्रातली होती, त्यामुळे करारात दिल्लीचा दर असणाऱ्यांना तिचा काहीच लाभ नव्हता. डिझेल ९० चे ९९ झाले म्हणून भाडे १० टक्क्यांनी वाढत नाही, कारण गाडीच्या खर्चात डिझेलचा वाटा काही अंशच असतो. करारात तो ४० टक्के धरला असेल तर वाढ ४ टक्के.

झोन आणि पिन कोडचा एक नमुना पुरेसा आहे. काही दरपत्रके पिन कोडच्या पहिल्या तीन अंकांवर बेतलेली असतात. ४११ म्हणजे पुणे. पण चाकणचा पिन ४१०५०१, लोणावळ्याचा ४१०४०१ आणि पनवेलचा ४१०२०६. तिन्ही एकाच ‘४१०’ मध्ये पडतात. मग चाकणचा माल ‘पुणे’ दराऐवजी ‘उर्वरित महाराष्ट्र’ दराने लागतो, वर ओडीए म्हणजे नियमित डिलिव्हरी क्षेत्राबाहेरचा आकारही लागतो. यावर उपाय एकच, पूर्ण सहा अंकी पिन कोडची यादी, तारखेसह, कराराला जोडणे. वाहतूकदाराने यादी बदलली तर ती कळवल्यापासूनच लागू होईल, असेही लिहून घ्यावे.

बाकीचे आकार लहान असतात पण संख्येने मारतात. किमान चार्जेबल वजन २० किलो ठरलेले असताना एकाच ग्राहकाला एकाच दिवशी ६-६ किलोचे तीन एलआर कापले, तर १८ किलोंसाठी ६० किलोंचे भाडे आणि तीन डॉकेट चार्ज लागतात. हा दोष बिलाचा नाही, आपल्या डिस्पॅचचा आहे. तपासणीत तो दिसतो म्हणून सांगितले. भिवंडी-मुंबईकडे वाराई आणि हमाली हे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचे दोन आकार वेगवेगळे लागतात. कोणती कोणी द्यायची हे आधी ठरले नसेल तर दोन्ही आपल्याकडे येतात.

पूर्ण गाडीच्या भाड्यात वजनापेक्षा थांबण्याचे पैसे जास्त वादाचे. हॉल्टिंग मागितले असेल तर गेटवरील आत-बाहेरच्या नोंदीच्या वेळा जुळवाव्यात. टोल ‘प्रत्यक्षाप्रमाणे’ असेल तर त्या गाडीच्या फास्टॅगचे त्या दिवसांचे स्टेटमेंट मागावे. गाडी क्रमांक ई-वे बिलाच्या भाग ‘ब’मध्ये असतोच. न्हावा-शेवातून निर्यात करणाऱ्यांनी शिपिंग लाइनच्या बिलात डॉलरचा दर कोणत्या तारखेचा धरला आहे आणि कंटेनरचे मोफत दिवस कोणत्या दिवसापासून मोजले आहेत, या दोन जागा आधी पाहाव्यात.

जीएसटीबाबत गोंधळ मोठा आहे. जीटीएने स्वतः कर भरण्याचा, म्हणजे फॉरवर्ड चार्जचा, पर्याय घेतला नसेल तर कारखान्याने ५ टक्के रिव्हर्स चार्जने, म्हणजे वाहतूकदाराऐवजी स्वतः सरकारकडे, भरायचे असतात आणि बिलात कर नसतो. बिलात कर दिसला तर तो पर्याय घेतल्याचे निवेदन बिलावर आहे का, हे पाहावे. नाहीतर बिलातही कर आणि रिव्हर्स चार्जनेही कर, असा दुहेरी भरणा होतो. इनपुट क्रेडिट (स्वतःच्या खरेदीवरील कराची वजावट) घेणाऱ्या जीटीएचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी १८ टक्के झाला. ७५० आणि १,५०० रुपयांपर्यंतच्या लहान भाड्यांची जुनी सूट १८ जुलै २०२२ पासून उठली, तरी काहींच्या हिशेबात ती अजून शिल्लक आहे.

फरक सापडल्यावर काय करायचे, यात बरेच उद्योजक चुकतात. पूर्ण बिल अडवून धरू नये. वाहतूकदार सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे थांबवता येत नाहीत, आणि मुदत उलटून पैसे आर्थिक वर्षाच्या अखेरीसही थकलेले असतील तर प्राप्तिकरात त्या वर्षी तो खर्च वजा मिळत नाही. वादातले एलआर वेगळे काढावेत, बाकीचे पैसे वेळेत द्यावेत. वादाच्या यादीत प्रत्येक एलआरपुढे बिलातला आकडा, आपला आकडा, फरक आणि कराराचे कलम, एवढे चारच रकाने असावेत. लांबलचक ईमेल कोणी वाचत नाही. फरक मान्य झाला की क्रेडिट नोट घ्यावी. ‘पुढच्या बिलात बघून घेऊ’ यावर सोडू नये, कारण पुढचे बिल वेगळा माणूस काढतो. वाहतूकदाराने कमी लावलेले एलआरही त्याच यादीत प्रामाणिकपणे दाखवावेत. त्याशिवाय आपल्या यादीवर विश्वास बसत नाही.

तुटफुटीची नुकसानभरपाई भाड्याच्या बिलातून परस्पर कापण्याची सवयही वाईट. तो दावा वेगळा आहे. डिलिव्हरीच्या वेळी पीओडीवर, म्हणजे पोहोच पावतीवर, ‘२ पेट्या फुटलेल्या’ असा शेरा हवा, आणि कॅरेज बाय रोड कायदा, २००७ प्रमाणे बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस हवी. जास्त जोखीम जाहीर करून तिचे पैसे भरलेले नसतील तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटीपर्यंतच असते. ८०० रुपये भाड्याच्या मालाला ८,००० रुपये.

तपासणी बाहेरच्या संस्थेकडे देता येते. बऱ्याच संस्था वसुलीतला ठरावीक हिस्सा घेतात. आम्हाला ही पद्धत पसंत नाही. चूक मुळातून बंद झाली तर त्यांचे उत्पन्न थांबते, म्हणून मास्टर दुरुस्त करून घेण्याची घाई त्यांना नसते. महिन्याला ठरलेली फी बरी.

अमेरिकेत ही बिले ‘ईडीआय २१०’ नावाच्या ठरीव संदेशाने एका संगणकातून दुसऱ्यात जातात. त्यात कोणता आकडा कुठे असेल हे आधीच ठरलेले असल्याने मागणी आणि करार यांची जुळणी पेमेंटपूर्वी आपोआप होते. आपल्याकडे तेवढी यंत्रणा उभी राहायला वेळ लागेल, पण एक्सेलचा एकच नमुना ठरवायला कोणाची परवानगी लागत नाही. मराठा चेंबरसारख्या व्यापार-उद्योगांच्या संस्थांनी, औद्योगिक वसाहतींतल्या लघुउद्योजक संघटनांनी आणि वाहतूकदारांच्या संघटनांनी एकत्र बसून तो ठरवावा. एलआर क्रमांक व तारीख, दोन्ही पिन कोड, पेट्या, मापे, काट्याचे वजन, सीएफटी आकडा, चार्जेबल वजन, दर, मूळ भाडे, इंधन अधिभाराची टक्केवारी व रक्कम, ई-वे बिल क्रमांक, डिलिव्हरीची तारीख आणि प्रत्येक जादा आकाराला त्याच्या नावाचा स्वतंत्र रकाना. ‘इतर आकार’ हा रकाना त्या नमुन्यात ठेवू नये, आणि ज्या बिलासोबत हे जोडपत्र नाही त्याची पेमेंटची मुदत जोडपत्र मिळाल्यापासून मोजली जाईल, हे नव्या करारांत दोन्ही बाजूंनी मान्य करावे.

आपले,
मालभाड्याची बिले तपासणारे काही व्यावसायिक,
पिंपरी-चिंचवड